आरशातली नक्कल

“आत्या, तू माणसांवर का थुंकतेस?”

तोंड माझं होतं, आवाजही माझाच, चांगला खणखणीत. पण प्रश्न भोंग्याचा होता आणि पैज पेन्सिलची. भोंगा आणि पेन्सिल या माझ्या वर्गातल्या मैत्रिणी. भोंगा कुजबुजली तरी दोन वर्ग पलीकडे ऐकू जातं आणि पेन्सिल पेन्सिलीएवढीच आहे. “शब्द न् शब्द हाच विचारायचा,” पेन्सिलने बजावलं होतं, “मध्ये ‘कधीकधी’ घालायचं नाही, ‘गं’ घालून गोडगोड करायचं नाही. घाबरलीस तर नक्कल बंद आणि तू पुन्हा चष्मिश.”

आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. आई, बाबा, मी आणि आत्या. आत्या ही बाबांची मोठी बहीण. ती चष्म्याच्या दुकानात काम करते आणि राहते आमच्याकडेच. मला वाटलं होतं ती लाजेल, किंवा चिडून ताटावरून उठेल, आणि उद्या शाळेत सांगायला मस्त काहीतरी मिळेल. हसू फुटू नये म्हणून मी गाल आतून चावून धरला होता.

आत्याने हातातला घास ताटात ठेवला.

“मी?” ती म्हणाली. “मी थुंकते? कुणावर?”

बाबांनी मान वर केली नाही. आई पाणी आणायला उठली. तांब्या काठोकाठ भरलेला होता.

“अरे, कोणीतरी बोला की,” आत्या म्हणाली. “पोरगी काय विचारतेय? मी कुणावर थुंकले?”

तिच्या चेहऱ्यावर नाटक नव्हतं. चेहऱ्यांतलं मला कळतं, तेच तर माझं भांडवल. तिच्या भुवया वर गेल्या होत्या आणि तिथेच राहिल्या होत्या. खरं न बोलणाऱ्या माणसाच्या भुवया लगेच खाली येतात. माझा गाल दातांतून सुटला.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मागच्या वर्षीपर्यंत मी वर्गात आहे की नाही हे हजेरी घेतल्याशिवाय कुणाला समजत नसे. प्रश्न विचारला की मान खाली, आणि उत्तर चपलेच्या पट्ट्याला सांगायचे. मग नववी सुरू झाली, आणि एक दिवस पाऊण तास रिकामा मिळाला. आमचे खेळाचे सर गळ्यात शिट्टी असताना खिशात शिट्टी शोधतात, ते मी पेन्सिलला करून दाखवत होते. मागे वळून बघते तर अख्खा वर्ग बघतोय. भोंगा हसून बाकाखाली गेली. त्या दिवसापासून मी कोणीतरी झाले. ग्रंथालयाच्या बाई, प्रयोगशाळेतले शिपाईकाका, मुख्याध्यापकांचा घसा खाकरणं, सगळं माझ्याकडे होतं. मला हात वर करायची भीती वाटेना. मी वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीला उभी राहिले आणि चक्क निवडून आले!

हे बघणं मला शिकवलं आत्याने. लहानपणी मी तिच्या दुकानात जाऊन स्टुलावर बसायचे. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवण्याआधी ती नुसती बघत राहायची. “प्रत्येकाचा एक कान वर असतो,” ती म्हणायची. “कुणाचा डावा, कुणाचा उजवा. देवाने घाईत लावलेत. चष्म्याच्या दोन्ही काड्या सारख्या वाकवल्यास तर चष्मा तिरका बसणार. म्हणून आधी तोंड बंद आणि डोळे उघडे.” मग ती काडी जराशी गरम करायची, अंगठ्याने वाकवायची, समोरच्याच्या तोंडापाशी तोंड नेऊन दोन्ही कानांमागे बोटं फिरवायची. माणूस उठून आरशात बघायचा आणि म्हणायचा, “अरे, चष्मा घातल्यासारखं वाटतच नाही.”

माझ्या खोलीतला आरसाही तिच्याच दुकानातला, कोपऱ्यात टवका गेला म्हणून मालकांनी काढून टाकलेला. आत्याने तो डोक्यावरून आणला होता. आणि तेव्हा ती खोली आत्याचीच होती. मी मोठी झाले, मला अभ्यासाला जागा हवी, म्हणून ती स्वयंपाकघराशेजारच्या लहान खोलीत गेली. आरसा नेला नाही. “तुला लागेल,” म्हणाली.

मला लागला.

दर महिन्याच्या शेवटी आत्या माझा चष्मा घट्ट करून देते. लहान खोलीत बसते, दुकानातला एप्रन घालते म्हणजे बारीक स्क्रू पडले तर मांडीवर सापडतात, आणि मी समोर बसते. मागच्या वर्षी अशीच बसले असताना तिचा हात थांबला. ती माझ्याकडे बघत होती आणि बघतही नव्हती. ओठ चोखल्यासारखे हलायला लागले, चप, चप, चप. एक हात एप्रनच्या खिशातलं काच पुसायचं फडकं ओढायला लागला, आत घाल, बाहेर ओढ, आत घाल. दुसरा हात विचित्र वळला, मनगटापासून पिळल्यासारखा, आणि ताठ झाला. मग ती थुंकली. थू, थू, थू, तीनदा, माझ्या फ्रॉकवर. मध्येच अगदी स्पष्ट म्हणाली, “बघू, बघू.” शेवटी हाताने नाक पुसलं, दोनदा, आणि विचारलं, “काय म्हणत होतीस?”

मी काहीच म्हणत नव्हते.

असं मी पाच वेळा पाहिलं. पाच वेळा! आणि मी कुणाला सांगितलं? आईला नाही, बाबांना नाही. मी आरशासमोर बसले आणि ते बसवलं. ओठांचं, फडक्याचं, पिळलेल्या हाताचं, सगळं. पंधरा दिवस रोज शाळेतून आल्यावर. मग मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे केलं. तसा हशा मला आजवर मिळाला नव्हता. त्या नकलेला ‘थूथू’ नाव पडलं. आठवीच्या मुली यायच्या, “ए ताई, थूथू कर ना.” मी आढेवेढे घ्यायचे आणि करायचे.

मग कोणीतरी म्हणालं, असं कुणी करतच नाही, ही मनाने रचतेय. भोंग्याने माझी बाजू घेतली, पेन्सिलने पैज लावली, आणि मी जेवताना तोंड उघडलं.

“ताई,” बाबा शेवटी म्हणाले, “जाऊ दे ना आता. झालं ते झालं.”

“काय झालं?”

“मला बढती मिळाली त्या दिवशी.” बाबा एका इंजिनियरच्या कचेरीत नकाशे काढतात. “मी पत्र घेऊन तुझ्यासमोर उभा राहिलो. तू पत्राकडे बघितलंस आणि थुंकलीस. माझ्या शर्टावर.”

“मी?”

“मी काही बोललो नाही. म्हटलं, बरोबर आहे तिचं. तिची शाळा सुटली म्हणून माझी झाली. इतकी वर्षं पोटात ठेवलं असेल, आज बाहेर आलं.”

तिने आईकडे बघितलं. आई आत्याला एरवी ‘ताई’ म्हणते, घुश्शात असली की ‘वन्सं’. तेव्हा ती तांब्या धरून दारात उभी होती आणि तिला दोन्हीही म्हणता येईना.

“खोली बदलली त्या आठवड्यात,” आई म्हणाली. “मी तुमच्या गाद्या उचलत होते. तुम्ही माझ्या पायाशी थुंकलात. मला वाटलं, खोली काढून घेतली म्हणून. बोलायला गेले तर म्हणालात, ‘काय म्हणत होतीस?’ मला वाटलं, वर आणखी टोमणा.”

“म्हणून तू तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलतेस?”

आईने तांब्या खाली ठेवला.

“आणि मी समजत होते,” आत्या म्हणाली, “की मी या घरात जड झालेय.”

मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली. ती दोन दिवस घरीच होती. दुकानात रंगकाम चाललंय असं आम्हाला सांगितलं होतं. रंगकाम वगैरे काही नव्हतं. शनिवारी तिने एका वकीलबाईंच्या डोळ्यांवर नवीन चष्मा बसवायला घेतला. त्यानंतरचं तिला आठवतं ते एवढंच की वकीलबाई ओरडत उभ्या होत्या, चेहरा रुमालाने घासत होत्या, आणि दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही भिंगवाले काका म्हणतो, तिच्या हातातून चष्मा ओढून घेत होते. “सोमवारपासून येऊ नका,” ते म्हणाले. “रजा नाकारली म्हणून माझ्या गिऱ्हाइकावर सूड? काय केलंत ते तुम्हाला चांगलं माहीत आहे.”

“मी विचारलं, काय केलं?” आत्या म्हणाली. “तर म्हणाले, आणि वर विचारता! बावीस वर्षं मी तिथे आहे. मला वाटलं, चष्मा डोळ्याला लागला असेल त्यांच्या. घरी सांगायची लाज वाटली.”

तेव्हा मी बोलायला हवं होतं. की मला माहीत आहे, पाच वेळा बघितलंय, आधी ओठ हलतात, ती मुद्दाम करत नाही. मी बोलले, पण निम्मंच. “आत्याला तेव्हा कळतच नाही,” मी म्हणाले. “मी एकदा बघितलंय. डोळे वेगळेच होतात.”

एकदा, म्हणे.

“मला डॉक्टरकडे न्या,” आत्या म्हणाली.

पुढचं लिहायचं नव्हतं, पण लिहिते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत भोंगा टाकीमागे वाटच बघत होती. “विचारलंस? काय म्हणाली?” आणि मी भुवया वर नेल्या, तिथेच ठेवल्या, हातातला खोटा घास खोट्या ताटात ठेवला आणि म्हणाले, “मी? मी थुंकते? कुणावर?” हुबेहूब. भोंग्याला ठसका लागला. पेन्सिल म्हणाली, “बाई गं, तू म्हणजे ना!” मी पैज जिंकले. आणि मी पुन्हा एकदा करून दाखवलं, कारण मागे उभ्या असलेल्या दोघींना नीट दिसलं नव्हतं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. तिथे आम्ही चौघंही गेलो. बाईंचा चष्मा तिरका होता. आत्याची नजर आत शिरल्याबरोबर तिथे गेली ते मी बघितलं.

“अशा वेळी नेमकं काय होतं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

बाबा म्हणाले, “थुंकते.”

आई म्हणाली, “एकटक बघतात.”

“त्याच्या आधी? हात काय करतात? कुठला हात?”

आई-बाबा एकमेकांकडे बघत राहिले. त्यांना थुंकणं तेवढं दिसलं होतं.

“पोटातून काहीतरी वर येतं,” आत्या हळूच म्हणाली. “जळक्या रबराचा वास येतो. मला वाटायचं, काडी जास्त तापली. त्यापुढचं काही नाही.”

“ही फिटच असावी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाबा खुर्चीत दचकले. “फिट म्हटलं की माणूस पडणार, हातपाय झाडणार, फेस येणार, एवढंच लोकांना माहीत असतं. पण मेंदूच्या एकाच कोपऱ्यात बिघाड झाला तर माणूस उभ्या उभ्या भलतंच काही करतो. कुणी खदखदून हसतं, कुणी कपडे सोडायला लागतं, कुणी घरातून चालत सुटतं. थुंकणारेही असतात, थोडे. त्यात राग नसतो, द्वेष नसतो. समोर कोण आहे याचा त्याच्याशी संबंधच नसतो.”

बाबांनी खिशातून रुमाल काढला आणि नुसताच हातात धरला.

“तपासण्या करूच. पण तपासणीच्या वेळी फिट येईलच असं नाही. त्यामुळे ज्याने डोळ्यांनी बघितलंय तो माणूस मला हवा. नीट बघितलेला. कोणता कोपरा, उजवा की डावा, ते हातांवरून बरंच कळतं.”

कुणी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

“मी करून दाखवू?” मी म्हणाले.

“करून दाखव,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “उत्तमच.”

आणि मी केलं. त्या पांढऱ्या खोलीत, तपासणीच्या उंच खाटेवर बसून. ओठ, फडकं, पिळलेला हात, थू थू थू, “बघू, बघू”, नाक. शाळेत ओठांपाशी पहिला हशा येतो, फडक्यापाशी दुसरा. इथे भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. आत्या त्या घड्याळाकडेच बघत होती, माझ्याकडे एकदाही नाही.

डॉक्टरीणबाई भराभर लिहीत होत्या. “डावा हात चाळा करतो. उजवा वळून ताठ होतो. नाक डाव्या हाताने. छान, इतकं नेमकं मला कुणी सांगत नाही.” मग त्या थांबल्या. “आणि मध्ये स्पष्ट बोलतात? नक्की?”

“हो. बघू, बघू.”

“हे जरा जुळत नाही. हातांवरून डावी बाजू वाटते, आणि डावीकडच्या फिटमध्ये सहसा बोलता येत नाही,” त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि पेन गालावर टेकवलं.

आत्याने सवयीने हात मांडीवर फिरवला, जिथे दुकानात एप्रनचा खिसा असतो. उजव्या बाजूला. एप्रनला एकच खिसा आहे, आणि तो उजवीकडे आहे.

मी ते आरशासमोर बसवलं होतं! आरशातली मी समोर बसलेल्या आत्यासारखी दिसायला हवी, म्हणून माझा हात तिच्या हाताच्या समोर आणला होता. तिचा उजवा तो माझा डावा. माझ्याकडे होती ती आत्या नव्हतीच, आरशातली आत्या होती. डावं-उजवं सगळं उलटं.

डॉक्टरीणबाईंनी पान उलटलं. मी गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. तपासणीत निघालं असतं, किंवा नसतं निघालं. मी तीन श्वास गप्प बसले. मोजलेत.

“उलटं आहे,” मी म्हणाले. “उजवा हात चाळा करतो. डावा ताठ होतो. नाकसुद्धा उजव्यानेच.”

“नक्की? आत्ता तर डावा केलास.”

“नक्की. आरशासमोर बसवलं ना, म्हणून उलटं झालं.”

“बसवलं म्हणजे?” आईने विचारलं.

मी खाटेवरून खाली उतरले.

“म्हणजे सराव केला,” मी म्हणाले.

“सराव? कशासाठी?”

माझा खणखणीत आवाज कुठे गेला कोण जाणे. मी चपलेच्या पट्ट्याला सांगितलं. “शाळेत दाखवायला. मैत्रिणींना. मी एकदा नाही बघितलं, पाचदा बघितलं. आणि शाळेत सतरा वेळा केलंय.”

बाबा उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. आईने माझा दंड धरला, इतका घट्ट की बोटं उमटली. आत्या मात्र तशीच बसून होती. डॉक्टरीणबाईंनी आधीचं लिहिलेलं शांतपणे खोडलं, नवीन लिहिलं आणि म्हणाल्या, “आता जुळतंय. उजवी बाजू असावी. गोळ्या सुरू करू, बऱ्याच जणांना गोळ्यांनीच आराम पडतो. तूर्त काच घासायच्या यंत्रावर एकटीने बसायचं नाही. काम सोडायची गरज नाही.” आणि माझ्याकडे बघून, “तुझ्याबद्दल मी काही बोलत नाही. तुझं तू बघ. पण उलटं आहे म्हणालीस ते बरं केलंस.”

निघताना आत्या टेबलापाशी थांबली. “तुमचा उजवा कान वर आहे,” ती म्हणाली. “द्या इकडे.” चष्मा हातात घेऊन तिने काडी अंगठ्याने जराशी वाकवली आणि परत दिला. डॉक्टरीणबाईंनी घातला. “अरे!” त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मी आत्याच्या लहान खोलीच्या दारात उभी राहिले. ‘आत ये’ म्हणायला मी काही पाहुणी नव्हते, तरी मी उंबऱ्याबाहेरच.

“किती जणी हसल्या?” तिने विचारलं.

“सगळ्या.”

“सगळ्या म्हणजे किती?”

“पहिल्यांदा आठ. मग वीसेक. आठवीच्याही येतात.”

“नाव आहे का काही त्याला?”

मी सांगितलं.

“आणि परवा मी जेवताना विचारलं ना, मी कुणावर थुंकले म्हणून? तेही केलंस?”

तिला कसं कळलं? तिला चेहऱ्यांतलं कळतं, माझ्याही आधीपासून. मी मान हलवली. “दोनदा.”

आत्याने चादरीची सुरकुती सरळ केली. ती सरळच होती. “पहिल्याचं मला एवढं नाही,” ती म्हणाली. “ते तू लहान आहेस म्हणून सोडता येईल. पण दुसऱ्या वेळी तुला माहीत होतं.”

“हो.”

“हं.”

रडायचा मला हक्क नाही असं वाटत होतं, म्हणून मी रडले नाही. मग ती म्हणाली, “आत ये. बस इथे. मला दाखव.”

“काय?”

“सगळ्या शाळेने बघितलं, डॉक्टरांनी बघितलं, वकीलबाईंनी बघितलं. मी सोडून सगळ्या जगाने मला बघितलंय. दाखव. उजव्या हाताने.”

तिचा एप्रन खुंटीवर होता. तिने तो मला घालायला दिला. उजव्या हाताने ते सगळं नवीन शिकल्यासारखं जड जात होतं. ओठ. फडकं आत, फडकं बाहेर. डावं मनगट पिळलं. थुंकताना मी नुसता आवाज केला, तर ती म्हणाली, “खरं कर. जमीन पुसता येते.” मी खरं केलं. बघू, बघू. नाक. दोनदा.

“एवढंच?” आत्या म्हणाली.

“एवढंच.”

“मला वाटलं होतं याहून वाईट असेल. दोन रात्री काय काय डोळ्यांसमोर आणत होते मी.” मग तिच्या तोंडाचा कोपरा जरा हलला. “आणि नाक पुसते मी? त्या वकीलबाईंसमोर? हाताने?”

“दोनदा.”

ती हसली. फार नाही. “मी हसले म्हणून तुझं भागलं असं समजू नकोस,” ती म्हणाली आणि जमिनीचं फडकं माझ्या हातात दिलं.

जमीन पुसता पुसता मी तिला एक गोष्ट विचारली. फडकं पिळून वाळत घालेपर्यंत तिने वाट बघायला लावली. मग एक अट घातली, आणि हो म्हणाली.

जेवताना बाबांनी डॉक्टरांची चिठ्ठी ताटाशेजारी ठेवली होती. “मी विचार केलाय,” ते म्हणाले. “ताई, ही चिठ्ठी दुकानात नको. ‘फिट’ हा शब्द तिथे गेला की गल्लीभर होईल. मी स्वतः जाऊन भेटतो त्यांना. पित्ताचा त्रास आहे, उमळून आलं, असं सांगतो. माफी मागतो. ऐकलं तर ऐकलं.”

“आणि नाही ऐकलं तर दुसरं काहीतरी बघू,” आई म्हणाली. “ताई, तुम्ही आता दगदग करूच नका.” ‘ताई’ म्हणाली आई, आणि आत्याच्या ताटात आधी वाढलं.

आत्याने माझ्याकडे बघितलं. बावीस वर्षं. समोरच्याच्या तोंडापाशी तोंड नेऊन केलेलं काम. भिंगवाले काकांच्या लेखी ती सूड घेणारी बाई होती, आणि बाबांचं पित्त त्यांना काय पटणार होतं?

माझ्या हातात घास होता. मी तो ताटात ठेवला आणि तसं करताना मला कळलं की हे मी कुणाचं करतेय. मी हात मांडीवर घट्ट दाबून धरले.

“उद्या मी शाळेत जाणार नाहीये,” मी म्हणाले. “मी आत्याबरोबर दुकानात जाणार आहे. वकीलबाई सकाळी अकराला त्यांचा राहिलेला चष्मा न्यायला येणार आहेत, काकांनी त्यांना शनिवारीच ही वेळ दिली ते आत्याने ऐकलंय. मी डॉक्टरांची चिठ्ठी देणार, आणि भिंगवाले काका आणि वकीलबाई, दोघांसमोर ते सगळं करून दाखवणार. उजव्या हाताने. नाक पुसण्यासकट. त्यांना हसू आलं तरी थांबणार नाही. मी आत्याला विचारलंय आणि ती हो म्हणालीय. बाबा, थांबा, माझं संपलं नाही. तिची अट आहे. दाखवून झालं की हे मी कुठे शिकले, किती वेळा केलं आणि कशासाठी केलं, तेही मीच त्यांना सांगायचं. आणि परवा टाकीमागे, सगळ्या जणी जमल्या की तिथेही. मी सांगणार आहे.”